ब्राझील नट : जंगलाशिवाय न पिकणारं पीक

सुक्यामेव्याच्या दुकानात काजू-बदामांच्या शेजारी हल्ली ब्राझील नटही दिसतात. काजूच्या बागा असतात, बदामाच्या असतात. ब्राझील नट मात्र बहुतेक सगळे अ‍ॅमेझॉनच्या जंगलातून वेचून आणलेले असतात. बागा लावून पाहिल्या नाहीत असं नाही. झाडं वाढली, फळं बेताचीच धरली.

गोम आहे ती फुलात. पिवळसर पाकळ्यांच्या मधोमध एक जाड, वळलेली झडप केसरांवर घट्ट बसलेली असते. ती उचलून आत घुसणं साध्या मधमाशीला झेपत नाही. त्याला भुंगे किंवा ऑर्किड माश्या असे दणकट कीटकच लागतात. पण हे झाड वर्षातले थोडेच महिने फुलतं. एरवी या माश्यांचं पोट आजूबाजूच्या इतर झाडावेलींवर भरतं आणि त्यांची घरटीही तिथेच असतात. ते जंगल काढून टाकलं, की माश्याही गेल्या.

फळ पिकायला सव्वा वर्ष लागतं. आकार लहान नारळाएवढा, वजन दोन किलोपर्यंत, कवच लाकडासारखं टणक आणि आत 10 ते 25 बिया. तिथल्या ऐन पावसाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये, ही फळं पन्नास-पन्नास मीटर उंचीवरून धाडकन खाली येतात. म्हणून वेचणारे लोक वारा सुटला असताना झाडाखाली फिरकत नाहीत. नंतर फळं गोळा करून तिथेच कोयत्याने फोडायची आणि बियांची पोती पाठीवर घेऊन नदीकाठ गाठायचा. अंगमेहनतीचं काम आहे.

माणसाआधीपासून हे कवच फोडत आलेला प्राणी म्हणजे अगूटी, मांजराएवढा एक कृंतक, म्हणजे उंदीर-खारींच्या गटातला प्राणी. तो पटाशीच्या दातांनी फळ कुरतडतो, काही बिया खातो, उरलेल्या इथे-तिथे पुरून ठेवतो. त्यातल्या ज्या पुन्हा उकरल्या जात नाहीत, त्यांतून रोपं येतात. आता माणसानेच सगळ्या बिया नेल्या, वर अगूटीचीही शिकार केली, तर? ब्राझील, पेरू आणि बोलिव्हियातल्या 23 ठिकाणच्या झाडांचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे वर्षानुवर्षं भरमसाट वेचणी झाली होती, तिथे म्हातारी झाडं होती, पण तरुण झाडं जवळजवळ नव्हतीच. मोठं झाड शेकडो वर्षं जगतं, त्यामुळे ही तूट लवकर नजरेला येत नाही. दिलासा एवढाच, की काही भागांत फिरत्या शेतीनंतर पडीक सोडलेल्या जमिनीवर भरपूर रोपं आढळली. रोपाला ऊन हवं असतं. ते तिथे मिळतं आणि बिया पुरायला अगूटीही येतात.

ब्राझीलच्या आक्री राज्यातले रबर गोळा करणारे लोक कोरड्या ऋतूत रबराचा चीक काढत आणि पावसाळ्यात हे नट वेचत. जंगल तोडून कुरणं करणाऱ्यांविरुद्ध त्यांना संघटित करणारे शिको मेंडेस यांची 22 डिसेंबर 1988 रोजी हत्या झाली. 1990 मध्ये त्यांच्या नावाने सुमारे 9.7 लाख हेक्टरांचं राखीव क्षेत्र झालं. तिथे लोकांनी राहायचं, वनोपज घ्यायचं, पण जंगल उभं ठेवायचं, अशी ही व्यवस्था.

कागदावर ती उत्तम आहे. प्रत्यक्षात नटांचा भाव वर-खाली होतो, दुष्काळानंतर पीक बुडतं. 2017 मध्ये तसंच झालं. गाय मात्र गरज पडेल तेव्हा विकता येते, त्यामुळे या राखीव क्षेत्रातही कुरणं पसरली आहेत. ब्राझीलमध्ये नटाचं झाड तोडायला कायद्याने बंदी असल्याने ते कुरणात एकटं उभं राहतं, पण त्याला फळं फारशी धरत नाहीत.