गाडी येईपर्यंत काय? नाशिककरांसाठी थोडी पार्श्वभूमी

२०२७ च्या सिंहस्थाचा विषय निघाला की घाट, पूल, रिंगरोड, पार्किंग सगळं बोलून होतं, पण रामकुंडावर कोणी कोसळलं तर ॲम्ब्युलन्स गर्दीतून वाट काढेपर्यंत शेजारी उभ्या माणसाने काय करायचं हे कोणी काढतच नाही. आणि हे आपल्याच गावात, जिथे २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले.

मुळात सामान्य माणसानेच जीव वाचवायचा ही सगळी चळवळ सुरू झाली ती पाण्याकाठीच. ॲमस्टरडॅम म्हणजे कालव्यांचं शहर, माणसं सारखी बुडायची, मग १७६७ मध्ये तिथल्या नागरिकांनीच बुडालेल्यांना वाचवण्यासाठी संस्था काढली, तोंडाने श्वास द्या असं लोकांना सांगितलं आणि वाचवणाऱ्याला बक्षीसही ठेवलं. १७७४ मध्ये लंडनमध्ये तसंच. त्या काळी गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडायचा उपायही जोरात होता आणि त्याची किट्स थेम्सच्या काठाला ठेवलेली असायची! उपाय चुकीचा, पण सामान लोकांच्या हाताशी हवं हा विचार तेव्हाचा आहे, आज एअरपोर्टवर भिंतीला एईडी मशीन (हृदयाला विजेचा झटका देणारं) दिसतं ते त्याच विचाराचं.

छाती दाबून हृदय चालू ठेवायची पद्धत १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी मांडली आणि त्यांनीच लिहिलं की हे कोणीही, कुठेही करू शकतं, फक्त दोन हात लागतात. १९७० च्या दशकात सिॲटल शहराने सामान्य लोकांना हे शिकवायला घेतलं. कारण सरळ आहे, हृदय बंद पडल्यावर सीपीआर (म्हणजे हेच छाती दाबणं, जोडीला तोंडाने श्वास) नसेल तर वाचण्याची शक्यता मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, म्हणजे गाडी कितीही लवकर आली तरी पहिली मिनिटं आजूबाजूच्या लोकांचीच असतात.

आपल्याकडे गाडं अडलं ते भीतीपाशी. हायवेवर कोणी पडलेलं दिसलं तरी नको रे बाबा, पोलीस स्टेशनच्या चकरा, कोर्टाच्या तारखा. ही भीती उगाच नव्हती, हॉस्पिटलंसुद्धा पोलीस केस म्हणून पेशंट परत पाठवायची. अशाच एका स्कूटरवाल्याच्या मृत्यूवरून १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आधी उपचार, बाकी सगळं नंतर. मदत करणाऱ्याला संरक्षण मिळायला मात्र २०१६ उजाडलं, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात त्यासाठी कलम १३४अ आलं. मधल्या काळात, २०१४ ला, महाराष्ट्रात १०८ ॲम्ब्युलन्स सुरू झाली.

म्हणजे कायदा झाला, गाडी झाली, राहिलं ते शिकणं, आणि मला इथेच खरी काळजी वाटते. आजही एसटी स्टँडवर कोणाला फीट आली की कोणी कांदा आणतं, कोणी चप्पल नाकाला लावतं, कोणी दातात चमचा घालतं, आणि त्या माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं आणि तोंडात काहीही घालायचं नाही एवढं साधं कोणाला सुचत नाही. पाण्यातून काढलेल्या पोराचं पोट दाबत बसतात, तिथे श्वास चालू नसेल तर तोंडाने श्वास आणि छाती दाबणं दोन्ही लागतं.

छाती दाबायची ती मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि हे खरंच दमवणारं काम आहे, दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. आपल्या ढोल पथकातली पोरं गणपतीआधी आठवडेच्या आठवडे प्रॅक्टिस करतात, ताल पक्का, दंडात ताकद, शिवाय मिरवणुकीत गर्दीच्या मधोमध तीच असतात. पथकांनी त्यातली एक संध्याकाळ डॉक्टरांना बोलावून सरावाच्या पुतळ्यावर सीपीआर शिकण्यासाठी काढावी, आणि सोसायटीवाल्यांनी नोटीस बोर्डावर १०८ च्या खाली एवढं लिहावं की अपघातातल्या माणसाला दवाखान्यात पोचवणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, पोचवून तो लगेच निघू शकतो.