गिव्ह अप (अल्बम)

'गिव्ह अप' हा 'द पोस्टल सर्व्हिस' या अमेरिकी इंडी, म्हणजे बड्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र संगीतातल्या, बँडचा एकमेव स्टुडिओ अल्बम. सिॲटलच्या 'सब पॉप' कंपनीने तो फेब्रुवारी २००३ मध्ये काढला. त्यात दहा गाणी आहेत आणि ती सगळी मिळून साधारण पाऊण तासाची होतात. संगीत लॉस एंजेलिसच्या जिमी टँबोरेलो यांचे. शब्द, चाली आणि मुख्य आवाज सिॲटलच्या बेन गिबर्ड यांचा. या दोन शहरांत रस्त्याने सुमारे १,८०० किलोमीटरचे अंतर आहे. ते न ओलांडता, टेपा टपालाने पाठवत अल्बमचा बराचसा भाग तयार झाला आणि बँडचे नावही त्यातूनच पडले.

टँबोरेलो 'डिंटेल' या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करत होते. गिबर्ड हे 'डेथ कॅब फॉर क्युटी' या गिटारप्रधान बँडचे गायक. २००१ मध्ये आलेल्या डिंटेलच्या 'लाइफ इज फुल ऑफ पॉसिबिलिटीज' या अल्बममधल्या एका गाण्याला गिबर्ड यांनी आवाज दिला. ती जोडी जमली आणि पुढचे काम सुरू झाले.

कामाची रीत अशी होती. टँबोरेलो वाद्यसंगीताचा ट्रॅक रचून डॅटवर, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपवर, उतरवत आणि पाकिटातून सिॲटलला धाडत. गिबर्ड तो ऐकून हवी तशी काटछाट करत, त्यावर चाल बांधून गात आणि टेप परत पाठवत. सर्वसाधारण बँडमध्ये गायक गिटारवर गाणे घेऊन येतो आणि बाकीचे त्याभोवती वाद्ये उभी करतात. इथे नेमके उलटे झाले. लय, वेग, स्वर आधीच ठरलेले. गायकाला त्यातली मोकळी जागा शोधायची. या अल्बमचे खरे वैशिष्ट्य हेच आहे. 'इंडी गाण्यांना इलेक्ट्रॉनिक साज चढवला' असे त्याचे वर्णन केले जाते, पण ते चुकीचे ठरते, कारण साज आधी होता.

'सच ग्रेट हाइट्स' हे गाणे हेडफोन लावून ऐकले की हे स्पष्ट कळते. सुरुवातीला सिंथेसायझरचे बारीक, तुटक सूर एकदा डाव्या कानात, एकदा उजव्या कानात टपटपतात. गाण्याचा वेग मिनिटाला १७५ ठोके, म्हणजे दोन ठोक्यांत जेमतेम ०.३४ सेकंदाचे अंतर. एवढ्या धावत्या तालावर गिबर्ड मात्र जणू निम्म्या लयीत, सूर लांबवत गातात. घाई यंत्राकडे आणि निवांतपणा गळ्याकडे, अशी ही वाटणी आहे. फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकले तर डावी-उजवी बाजू एकत्र मिसळते आणि सुरुवातीची सगळी गंमत जाते.

याच गाण्याच्या सिंगलवर, म्हणजे सुट्या काढलेल्या तबकडीवर, 'आयर्न अँड वाइन' या नावाने गाणाऱ्या सॅम बीम यांनी ते संथ लयीत, अकूस्टिक गिटारवर गायलेले आहे. २००४ च्या 'गार्डन स्टेट' चित्रपटात हेच रूप वापरले गेले. ठोके आणि सिंथ काढून घेतले तरी गाणे उभे राहते. चाल किती भक्कम आहे याचा याहून चांगला पुरावा नाही.

'नथिंग बेटर' हे द्वंद्वगीत. तो नाते तुटू नये म्हणून विनवतो, ती झाल्या-गेल्याचा हिशेब मांडून निघून जाते. तिचा आवाज जेन वुड यांचा; इतर काही गाण्यांत गायिका जेनी लुइस साथीला आहेत. 'डेथ कॅब'चे क्रिस वॉला यांचाही ध्वनिमुद्रणाला हातभार लागला. 'वी विल बिकम सिल्हूएट्स'मध्ये अणुस्फोटानंतरचे जग अगदी उड्या मारणाऱ्या चालीत येते. शेवटच्या 'नॅचरल अँथम'मध्ये बराच वेळ नुसता कल्लोळ चालतो आणि शब्द अगदी अखेरीस उगवतात.

दोन ठिकाणी बसून असे काम करताना काही गोष्टी हमखास बिघडतात. पहिली सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने नोंदले जातात त्या दराची. डॅटवर ४८ किलोहर्ट्झ आणि ४४.१ किलोहर्ट्झ असे दोन्ही दर चालतात. ४४.१ वर नोंदलेला आवाज ४८ चा समजून वाजवला तर तो सुमारे ९ टक्के जलद धावतो आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने, म्हणजे पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ओळीने मोजल्या तर दीड पट्टीइतका, वर चढतो. त्यावर गाऊन परत पाठवलेला आवाज मूळ ट्रॅकशी बेसूर लागतो. दुसरी सुरुवातीची खूण. दोन्हीकडच्या नोंदी एकाच बिंदूपासून सुरू नसतील तर त्या कानाने जुळवत बसावे लागते. म्हणून गाण्याआधी मोजणीचे चार ठोके ठेवणे बरे. तिसरी अडचण सर्वांत त्रासाची: ठोके, बास आणि सिंथ एकाच स्टीरिओ ट्रॅकमध्ये मिसळून पाठवले तर गाणाऱ्याला ठोके एकटे खाली आणता येत नाहीत. गळा दबला की सगळेच संगीत दाबावे लागते. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेली घुमारी, तीही तशीच, एकदा नोंदली गेली की काढता येत नाही.

ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने बँडला नोटीस पाठवली, कारण 'पोस्टल सर्व्हिस' हा खात्याचा नोंदणीकृत व्यापारचिन्ह होता. प्रकरण समझोत्याने मिटले. बँडला नाव वापरायची परवानगी मिळाली. बदल्यात त्यांनी टपालसेवेचा प्रचार करायचा आणि खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वार्षिक परिषदेत वाजवायचे ठरले. खात्याने आपल्या संकेतस्थळावर हा अल्बम विकायलाही ठेवला.

खप हळूहळू, वर्षानुवर्षे वाढत गेला. २०१२ मध्ये अमेरिकेत दहा लाखांचा टप्पा गाठून अल्बम प्लॅटिनम ठरला. सब पॉपच्या इतिहासात 'निर्वाना' या बँडच्या 'ब्लीच'खालोखाल तोच सर्वाधिक खपला. दुसरा अल्बम मात्र झालाच नाही; गिबर्ड 'डेथ कॅब'कडे वळले आणि त्या बँडचा 'ट्रान्सअटलांटिसिझम' हा अल्बम २००३ मध्येच, ऑक्टोबरमध्ये आला. २०१३ मध्ये 'गिव्ह अप'ची दहाव्या वर्षाची वाढीव आवृत्ती निघाली, तिच्यासोबत दौराही झाला. २०२३ मध्ये दोन्ही बँड एकत्र फिरले आणि एकाच संध्याकाळी दोन्ही अल्बम आरंभापासून शेवटापर्यंत वाजवले गेले. दोन्हीकडे गायक गिबर्डच होते.