त्यानं काहीतरी केलंच असेल!

फुटपाथवर पथारी टाकून झोपलेल्या माणसाकडे पाहून हमखास निघणारं वाक्य म्हणजे, “धडधाकट तर दिसतोय, काम करायला काय होतं?” त्या माणसाबद्दल आपल्याला माहीत काय असतं? त्याची मळकी चादर, वाढलेले केस, बस्स. नोकरी कधी सुटली, आजार कुठला, घराबाहेर कुणी काढलं, यातलं काहीच ठाऊक नसतं. तरी निदान तयार! पुरावा शून्य आणि निष्कर्ष ठाम, हे कसं होतं?

याचं एक उत्तर मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाच्या 1966 सालच्या प्रयोगात सापडतं. कॅरोलिन सिमन्स त्यांच्या सहसंशोधक होत्या. विद्यार्थिनींना टीव्हीच्या पडद्यावर एक मुलगी दाखवली. तिला निरर्थक अक्षरांच्या जोड्या पाठ करायच्या होत्या आणि चूक झाली की विजेचा झटका बसत होता. ती दचकायची, विव्हळायची. (झटके खोटे होते, मुलगी नाटक करत होती, पाहणाऱ्यांना याची कल्पना नव्हती.) मग त्यांना विचारलं, ही मुलगी माणूस म्हणून कशी वाटते?

एका गटाला मत देऊन तिचे झटके थांबवण्याची संधी होती. त्यांनी ते थांबवले आणि तिच्याबद्दल बऱ्यापैकी चांगलंच मत दिलं. दुसऱ्या गटाला सांगितलं की झटके पुढेही चालू राहणार आहेत, तुम्ही फक्त पाहायचं. या गटाला तीच मुलगी, तेच विव्हळणं पाहून ती कमी आवडली. तिसऱ्या गटाला कळलं की ती खरं तर नको म्हणत होती, पण इतर मुलींचं नुकसान होऊ नये म्हणून तयार झाली. तिच्याबद्दल मन भरून यायला हवं ना? सर्वांत वाईट शेरे तिलाच मिळाले! हा निकाल वाचून मी पहिल्यांदा चक्क मागचं पान उलटून पाहिलं होतं.

लर्नर यांचा तर्क असा. जग न्यायानं चालतं, ही समजूत आपल्याला जगण्यासाठी लागते. अभ्यास केला तर पास होऊ, कष्ट केले तर पोट भरेल, हा भरवसा नसेल तर सकाळी उठायचं कशाला? निरपराध माणूस हाल सोसताना दिसला की त्या भरवशाला तडा जातो, कारण मग ते माझ्याही वाट्याला येऊ शकतं. सुटायचे मार्ग दोन: त्याचे हाल थांबवा, नाहीतर तो निरपराध नव्हताच असं स्वतःला पटवा. पहिला हाताबाहेर असेल तर मन गुपचूप दुसरा धरतं. ‘करावे तसे भरावे’ ही म्हण आपण उलटी वाचतो: भरतोय, म्हणजे केलंच असणार. या जन्मात काही सापडलं नाही की पूर्वजन्माचं खातं उघडतात. सोयीचं आहे, ती वही तपासायला कुणी मागत नाही.

बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञानं हीच गोष्ट पायऱ्यांत मांडली. संकटाच्या कारणाला आपण मनात तीन कसोट्या लावतो: कारण माणसाच्या आत की बाहेर, कायमचं की तात्पुरतं, त्याच्या ताब्यातलं की नाही. मदतीच्या बाबतीत तिसरी कसोटी भारी पडते. ताब्यातलं वाटलं तर राग, नाही वाटलं तर कणव. आणि मदत या भावनेच्या मागून येते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत झालेल्या, 1969 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात याची झलक दिसते. चालत्या गाडीत एक माणूस कोसळतो. हातात काठी होती तेव्हा 65 पैकी 62 वेळा प्रवासी आपणहून धावले. अंगाला दारूचा वास आणि हातात बाटली असताना 38 पैकी 19 वेळा. कपडे दोन्ही वेळी सारखेच होते. अर्थात, दारुड्याची भीतीही वाटली असेल. सगळं श्रेय वायनर यांना देऊ नये.

“पैसे दिले तर दारूतच उडवतील” हे मात्र तपासता येतं. कॅनडात व्हँकूव्हरमध्ये 50 बेघरांना बिनशर्त 7,500 कॅनेडियन डॉलर एकरकमी दिले आणि पैसे न मिळालेल्या 65 जणांशी वर्षभर तुलना केली. त्याच संशोधनात सर्वसामान्य लोकांना अंदाज विचारला, तर बेघर माणूस दारू-सिगारेटवर जास्त खर्च करेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो खर्च वाढला नाही आणि बेघर अवस्थेतले दिवस वर्षात सरासरी 99 नी घटले. 2023 मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर “पैसे द्या, प्रश्न मिटला” अशा आरोळ्या उठल्या, त्याही अतीच. गंभीर व्यसन किंवा तीव्र मानसिक आजार असलेल्यांना निवडीतच वगळलं होतं, आणि दीर्घकाळ रस्त्यावर असलेलेही त्यात नव्हते. त्यांच्याबद्दल हा प्रयोग काहीच सांगत नाही, ना बाजूनं, ना विरोधात.