बागेच्या कामासाठी पुणे महापालिकेकडे निधी कसा मागायचा?

अमेरिकेत काही शहरांत एखाद्या भागातल्या मिळकतींवर जादा आकार लावून त्याच पैशातून तिथली उद्यानं सांभाळतात. पुण्यात अशी सोय नाही. आपल्या मिळकतकराच्या बिलावर वृक्षकर दिसतो, पण तो झाडांच्या जतनासाठीच्या १९७५ च्या कायद्याखाली येतो. तुमच्या बागेतल्या बाकांशी त्याचा संबंध नाही. तेव्हा ‘आम्ही एवढा टॅक्स भरतो’ हे खिडकीवर सांगण्यात वेळ घालवू नका. नागरिकाला स्वतः काम सुचवता येतं ते सहभागी अंदाजपत्रकातून, म्हणजे लोकांनी सुचवलेली छोटी कामं महापालिकेच्या पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात घेण्याच्या पद्धतीतून. पुण्यात ही पद्धत २००६ पासून आहे.

अर्ज कोण करू शकतो? महापालिका हद्दीत राहणारा कोणीही. मिळकत स्वतःच्या नावावर हवी असं नाही, भाडेकरूही काम सुचवू शकतो. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटमधल्या बागा यात बसत नाहीत. एम्प्रेस गार्डनही नाही, कारण ती महापालिकेची नाही.

आधी जागा कोणाची ते पाहा. बरेच अर्ज इथेच बाद होतात. सोसायटीच्या मंजूर ले-आउटमधली मोकळी जागा बागेसारखी दिसली, तरी ती बहुधा सोसायटीचीच असते आणि खासगी जागेवर महापालिका खर्च करत नाही. अॅमेनिटी स्पेसचंही (गृहप्रकल्पात सार्वजनिक सोयींसाठी सोडलेल्या जागेचंही) तेच: ती महापालिकेच्या ताब्यात आली आहे का, हे आधी विचारा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि विकास आराखड्यातला झोन दाखला (ती जागा कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) जवळ असला, की प्रश्न तिथेच मिटतो. बाग नदीकाठची असेल तर निळ्या पूररेषेच्या आत पक्कं बांधकाम सुचवू नका.

अर्ज कधी, कुठे? साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात महापालिका जाहीर प्रकटन काढते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो आणि तिथेच द्यायचा असतो. ऑनलाइन सोय सुरू असेल तर तिकडूनही भरता येतो. कागदी अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावरच चालतो.

रक्कम. एका कामाला अनेक वर्षं ५ लाखांची मर्यादा राहिली आहे. त्या वर्षीचा आकडा प्रकटनात बघून घ्या. कंत्राटी कामावरचा १८ टक्के जीएसटीही यातच धरायचा, म्हणजे ५ लाखांत प्रत्यक्ष काम सुमारे ४ लाख २३ हजारांचंच होतं. मोठं काम असेल तर त्याचे पूर्ण होणारे तुकडे पाडा. अर्धी संरक्षक भिंत कोणाच्याच उपयोगाची नाही.

काम कसं लिहायचं? ‘उद्यानाचे सुशोभीकरण करावे’ असं लिहिलंत तर कनिष्ठ अभियंत्याला एस्टिमेट करायला काहीच हाती लागत नाही आणि अर्ज ‘मोघम’ म्हणून बाजूला पडतो. त्याऐवजी असं लिहा: ‘पूर्वेच्या फाटकापासून स्वच्छतागृहापर्यंत १२० मीटर लांब, १.५ मीटर रुंद वाटेवरचे खचलेले पेव्हर ब्लॉक काढून, खालचा थर दाबून, पुन्हा बसवणे; क्षेत्र १८० चौरस मीटर.’ लांबी-रुंदी दिली की जिल्हा दरसूचीवरून (सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांवरून) खर्च काढता येतो. सोबत तीन-चार फोटो आणि खुणा केलेला साधा नकाशा जोडा. सक्ती नाही, पण पाहणीला आलेला माणूस नेमक्या जागी पोचतो. शेजारच्या पंचवीस घरांच्या सह्या जोडल्यात तर प्रभाग समितीत वजन पडतं, तिथे कामांची छाननी होते तेव्हा. झाड तोडावं लागेल असं काम टाळाच. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी येईपर्यंत वर्ष सरतं.

झोपाळे, बाक, दिवे यांत खात्यांचा घोळ होतो. बागेतली खेळणी उद्यान विभागाकडे, दिवे विद्युत विभागाकडे. एका अर्जात दोन्ही घातलेत तर फाइल दोन टेबलांमध्ये फिरत बसते. वेगळे अर्ज करा.

मंजुरीनंतर. काम अंदाजपत्रकात आलं म्हणजे झालं, असं समजू नका. छापील अंदाजपत्रकात ते शोधून त्याचा कोड लिहून ठेवा. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या ‘स’ यादीतलं मिळतंजुळतं काम आणि तुमचं काम यांची गल्लत होते, तेव्हा कोडच उपयोगी पडतो. दुसरा धोका वर्गीकरणाचा: ठराव करून तुमच्या कामाचे पैसे दुसरीकडे वळवले जाऊ शकतात. तिसरा निवडणुकीच्या आचारसंहितेचा, तिच्या काळात नव्या निविदा अडकतात. निविदा लांबली आणि ३१ मार्च उलटला, तर तरतूद संपते. म्हणून एप्रिलपासूनच विचारायला लागा. पूर्वी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अर्जाशिवाय नोंदी पाहायला मिळत, ती सोय आता आहे का ते विचारून घ्या. तेवढ्याने काम भागलं नाही, तर माहिती अधिकाराचा ‘जोडपत्र अ’ नमुना भरा आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं काय? एस्टिमेट, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश) आणि मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही) यांच्या प्रती. दोष दायित्वाचा कालावधी किती, तेही विचारून घ्या. त्या मुदतीत ब्लॉक पुन्हा खचले तर ते ठेकेदाराने स्वखर्चाने बसवायचे असतात, आणि तारीख माहीत नसेल तर तेच काम पुढल्या वर्षी नव्या अर्जाने मागितलं जातं.