डान्स, डेव्हलपमेंटल, अर्ली चाइल्डहूड: कॉलेजच्या यादीत हे विषय आले कुठून?

अमेरिकेतल्या अनेक कम्युनिटी कॉलेजांच्या, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांच्या, माहितीपत्रकात डान्स (नृत्य), डेव्हलपमेंटल (कॉलेजपातळीला कमी पडणाऱ्यांची पूर्वतयारी) आणि अर्ली चाइल्डहूड एज्युकेशन (बालशिक्षण) हे विभाग लागोपाठ येतात. इंग्रजी वर्णमालेत डी आणि ई शेजारी आहेत, एवढंच त्याचं कारण. पण तिन्हींच्या इतिहासातला एकेक महत्त्वाचा टप्पा विस्कॉन्सिन या एकाच राज्यात सापडतो. शिवाय तिन्ही विषय कॉलेजात मागच्या दारानेच शिरले.

सगळ्यांत जुनं आहे पूर्वतयारीचं शिक्षण. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा पहिला वर्ग फेब्रुवारी १८४९ मध्ये भरला, तोच मुळी पूर्वतयारीचा. राज्यात माध्यमिक शाळा पुरेशा नव्हत्या, मग पदवीच्या वर्गात बसवायचं कोणाला? हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेशासाठी इंग्रजी निबंध लावला तेव्हा तिथल्या उमेदवारांचंही लेखन कच्चं निघालं आणि पहिल्या वर्षाच्या सक्तीच्या लेखनवर्गाची वाट तिथून सुरू झाली. ‘हल्लीची मुलं कच्ची’ ही तक्रार इतकी जुनी आहे.

पुढे कॉलेजचं दार रुंदावत गेलं. १९०१ मध्ये इलिनॉयमध्ये आजच्या कम्युनिटी कॉलेजांचं पूर्वरूप असलेलं जॉलिएट ज्युनिअर कॉलेज निघालं, शिक्षणाचा खर्च देणाऱ्या १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेले सैनिक वर्गात आले, आणि १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या सर्व शालान्त उत्तीर्णांना दार उघडलं. तिथल्या लेखनाच्या प्राध्यापिका मिना शॉनेसी यांनी प्रवेशाच्या वेळी लिहिलेले सुमारे चार हजार निबंध तपासले. त्यांचा निष्कर्ष आजही मोलाचा आहे: चुका निष्काळजीपणाच्या नसतात, त्यांमागे विद्यार्थ्याचा स्वतःचा एक नियम असतो. तो ओळखला तरच चूक सुटते. लाल शाईने सुटत नाही.

दुर्दैवाने व्यवस्था वेगळ्या दिशेला गेली. संगणकावरची एक छोटी चाचणी घ्यायची आणि विद्यार्थ्याला गणितात कॉलेजपातळीच्या एक, दोन किंवा तीन पायऱ्या खाली बसवायचं, ही रीत रुळली. तिचा दोष साध्या हिशेबाने दिसतो. समजा, तीन पायऱ्या खाली १०० जण बसले, प्रत्येक वर्गात ७० टक्के पास झाले आणि पास झालेल्यांपैकी ९० टक्क्यांनी पुढच्या सत्रात नाव घातलं. पहिल्या पायरीनंतर ६३ उरतात, दुसरीनंतर ४०, आणि कॉलेजपातळीच्या वर्गाच्या दारापर्यंत पोचतात फक्त २५. एकही वर्ग वाईट चाललेला नसताना ही गळती होते. दोष पायऱ्यांच्या संख्येत आहे. त्यात हे वर्ग पदवीच्या क्रेडिटमध्ये मोजले जात नाहीत, पण पैसे मात्र खातात: केंद्र सरकारची आर्थिक मदत अशा वर्गांसाठी साधारण ३० सत्र-क्रेडिटपर्यंतच मिळते.

म्हणून फ्लोरिडाने २०१३ मध्ये अलीकडे शाळा संपवलेल्या बहुतेकांना चाचणी आणि पूर्वतयारी दोन्हींतून मोकळं केलं. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने शाळेतले गुण आधी पाहायला लावले. आता विद्यार्थी थेट कॉलेजपातळीच्या वर्गात बसतो आणि त्याच सत्रात मदतीचा एक-दोन युनिटांचा (युनिट म्हणजे तिथलं क्रेडिट) जोडवर्ग घेतो. ही पद्धत बिघडते ती मुख्यतः जोडवर्गाचा शिक्षक वेगळा असला आणि दोघांचं बोलणं नसलं की. मग जोडवर्गात निराळा गृहपाठ मिळतो आणि विद्यार्थ्यावरचं ओझं दुप्पट होतं. जोडवर्गात येत्या आठवड्याच्या धड्याचीच तयारी व्हायला हवी.

नृत्याची वाट तुलनेने सरळ. मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठात, मार्गारेट एच’डब्लर मुलींना शारीरिक शिक्षण देत. त्यांचं स्वतःचं शिक्षण जीवशास्त्राचं, नर्तकीचं नव्हे. १९१७ मध्ये त्यांनी नृत्याचा वर्ग सुरू केला: विद्यार्थिनींना जमिनीवर झोपवून, तोल सांभाळण्याचा ताण काढून, सांधा कुठून कसा हलतो हे शोधायला लावायचं, वर्गात मानवी सांगाडा ठेवायचा, स्वतः करून दाखवायचं टाळायचं. १९२६ मध्ये तिथे नृत्यातली पदवी सुरू झाली, देशातली पहिली. शारीरिक शिक्षणातून आल्याची खूण आजही तासांच्या हिशेबात दिसते. कॅलिफोर्नियात व्याख्यानाच्या एका युनिटाला वर्गातला एक तास आणि बाहेरचे दोन तास धरतात. नृत्यात सारं काम स्टुडिओत, म्हणून आठवड्याला तीन तास, सत्राला सुमारे ५४ तास नाचून हाती येतं एक युनिट. सरावाशिवाय नृत्य येत नाही, पण तोच वर्ग पुन्हा घ्यायला २०१३ पासून तिथे मर्यादा आली. म्हणून यादीत बॅले १, २, ३, ४ असे टप्पे दिसतात. सारख्या वर्गांच्या एका गटात एकूण चारदाच नाव घालता येतं. मध्येच सोडलेला वर्गही त्या चारांत धरला जातो, हे अनेकांना उशिरा कळतं.

बालशिक्षणाची कथा मॅडिसनपासून साठेक किलोमीटरवरच्या वॉटरटाऊनमध्ये सुरू होते. जर्मनीत शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८४० मध्ये किंडरगार्टन हे नाव दिलं. त्या पद्धतीत तयार झालेल्या मार्गारेथे शुर्ट्‌झ यांनी १८५६ मध्ये वॉटरटाऊनला जर्मन भाषेतली बालवाडी काढली. सेंट लुइसमध्ये सुझन ब्लो यांनी १८७३ मध्ये सरकारी शाळेत बालवाडी चालवली आणि पुढच्याच वर्षी शिक्षिकांचं प्रशिक्षण सुरू केलं. फ्रोबेलच्या खेळण्यांतला, आठ लहान घनांत सुटणारा लाकडी घन मुलासमोर कधी ठेवायचा आणि आपण गप्प कधी बसायचं, हे पाठ करून येत नाही. म्हणून या शिक्षणात मुलांसमोरचं काम पहिल्यापासून आहे.

कॉलेजांत त्याला मोठी मागणी आली १९६५ नंतर. त्या उन्हाळ्यात हेड स्टार्ट हा गरीब घरांतल्या लहान मुलांसाठीचा केंद्र सरकारचा कार्यक्रम आठ आठवड्यांसाठी सुरू झाला, पाच लाखांहून जास्त मुलं आली, आणि तयार शिक्षक पुरेसे नव्हते. सत्तरच्या दशकात सीडीए (चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट) हे बालशिक्षकांचं प्रमाणपत्र निघालं; आज त्याला १२० तासांचं प्रशिक्षण आणि ४८० तासांचा अनुभव लागतो. कॅलिफोर्नियाच्या बालशिक्षकी परवान्याच्या रूढ निकषांत सहशिक्षिकेला १२ युनिट आणि ५० दिवसांचं काम, शिक्षिकेला २४ युनिट आणि १७५ दिवस. दिवस मोजायचा तर त्यात किमान तीन तास भरले पाहिजेत. रोज अडीच तास काम केलेल्या व्यक्तीचा एकही दिवस धरला जात नाही. विषयात ‘सी’ श्रेणीही हवीच.

शिक्षिकेच्या परवान्याला सामान्य शिक्षणाची आणखी १६ युनिट लागतात. त्यात इंग्रजीचा एक आणि गणित किंवा विज्ञानाचा एक विषय असावाच लागतो, तोही पदवीला चालणारा. पूर्वतयारीचा वर्ग इथे धरत नाहीत. म्हणजे वर्षानुवर्षं मुलांना उत्तम सांभाळणारी, २४ युनिट पूर्ण केलेली बाई जुन्या पायऱ्यांच्या रचनेत परवान्यापासून अडायची ती कॉलेजपातळीच्या तीन पायऱ्या खालच्या इंग्रजीच्या वर्गात.