पशुधन ओळखांकन व मागोवा

जनावरावर टिकाऊ खूण करून त्याची मालकी, जन्म, लसीकरण, आजार, खरेदी-विक्री व मृत्यू यांची नोंद ठेवणे म्हणजे ओळखांकन. या नोंदींच्या साखळीवरून दूध किंवा मांस कोणत्या जनावरापासून, निदान कोणत्या गोठ्यातून आले हे उलट दिशेने शोधता येणे म्हणजे मागोवा. खूण आणि नोंदवही ही व्यवस्थेची दोन वेगळी अंगे आहेत. केवळ खूण असेल, तर मालक सिद्ध होतो. जनावराचा इतिहास कळण्यासाठी नोंदवहीही लागते.

प्राचीन उल्लेख : भारतात जनावरांच्या कानावर खुणा करण्याची चाल वेदकाळाइतकी जुनी आहे, याबद्दल फारसा मतभेद नाही. वाद आहे तो खुणेच्या स्वरूपाबद्दल. ऋग्वेदातील एका सूक्तात (१०.६२.७) ‘अष्टकर्णी’ गाईंचा उल्लेख येतो. हे सूक्त नाभानेदिष्ठाचे मानले जाते आणि त्यात सावर्णीच्या दानाची स्तुती आहे. जर्मन संस्कृतपंडित रोट याच्या मते या गाई ‘कान टोचलेल्या’ होत. ग्रासमान या दुसऱ्या जर्मन पंडिताने मात्र ‘कानावर आठाची खूण असलेल्या’ असा अर्थ केला. पुढे मॅक्डोनेल व कीथ या वैदिक कोशकारांनी हाच अर्थ अधिक सरळ मानला. त्यांचा मुख्य आधार कृष्ण यजुर्वेदाच्या मैत्रायणी संहितेचा आहे. या संहितेची शाखा उत्तर महाराष्ट्रात टिकून राहिली, हे येथे नमूद करायला हरकत नाही. तीत दात्रकर्णी (विळ्याची खूण असलेली), स्थूणाकर्णी (खांबाची), कर्करिकर्णी (वीणेसारख्या वाद्याची) आणि छिद्रकर्णी अशा गाई येतात. टोचलेल्या कानासाठी ‘छिद्रकर्णी’ हा स्वतंत्र शब्द असल्यामुळे ‘अष्टकर्णी’चा अर्थ वेगळा असण्याची शक्यता वाढते.

ही आठाची खूण म्हणजे लिहिलेला अंक होता काय, हा प्रश्न वेगळा आहे. प्राचीन लिपींचे अभ्यासक गौरीशंकर हीराचंद ओझा यांनी तिचा उपयोग वेदकाळी लेखनकला असल्याचा पुरावा म्हणून केला. परंतु आठ काप, आठ रेघा किंवा ठरावीक आकृती यांनाही ‘अष्ट’ म्हणता येते. त्यामुळे खुणेचा अर्थ स्वीकारावा आणि लिपीचा निष्कर्ष बाजूला ठेवावा, हे अधिक सुरक्षित. अथर्ववेदातील (६.१४१) सूक्तात तांबूस सुरीने वासरांच्या कानांवर ‘मिथुन’ (जोडीची) खूण करण्यास सांगितले आहे. तेथे हेतू संतती वाढावी हा दिसतो. मालकीचा उल्लेख नाही.

पाणिनीचा (बहुधा इ. स. पू. पाचवे-चौथे शतक) साक्षीपुरावा अधिक भक्कम आहे. ‘कर्ण’ शब्दापूर्वी खुणेचा वाचक शब्द आल्यास त्याचा अंत्य स्वर दीर्घ होतो (दात्राकर्ण), असा नियम त्याने दिला आहे (६.३.११५). त्याच सूत्रात विष्ट, अष्ट, पंच, मणि, भिन्न, छिन्न, छिद्र, स्रुव व स्वस्तिक हे नऊ अपवाद येतात. व्याकरणकाराला नऊ अपवाद नोंदवावे लागले, त्याअर्थी हे शब्द रोजच्या बोलण्यात रुळलेले असणार. पशूचा विशिष्ट मालकाशी संबंध कळावा म्हणून केलेली विळ्यासारखी खूण येथे अभिप्रेत आहे, असे काशिका वृत्ती ही पाणिनीच्या सूत्रांवरील टीका स्पष्टच सांगते. मात्र काशिका पाणिनीनंतर हजारएक वर्षांनी लिहिली गेली, हे विसरता येत नाही.

महाभारताच्या वनपर्वातील घोषयात्रेचे निमित्तही हेच आहे. द्वैतवनातील गाईंची मोजदाद आणि वासरांवर खुणा करण्यासाठी जातो, असे सांगून दुर्योधन निघतो. महाराष्ट्रातील कित्येक वीरगळांवर गाईंच्या धाडीचे प्रसंग कोरलेले आहेत. अशा धाडींत पळवलेले गोधन आपले म्हणून ओळखता येणे, ही खुणेची पहिली गरज असावी. मृताच्या नावाने वळू सोडताना (वृषोत्सर्ग) त्याच्या अंगावर चक्र व त्रिशूळ डागण्याचा विधी धर्मशास्त्रात आहे. तिथे खुणेचे काम उलटे होते : या जनावराला मालक नाही, त्याला कोणी औताला धरू नये.

अर्थशास्त्रातील व्यवस्था : खुणेला नोंदवहीची जोड देणारे सर्वांत जुने तपशीलवार भारतीय वर्णन कौटिलीय अर्थशास्त्रातील गोऽध्यक्ष (राजाच्या गुरांवरील अधिकारी) प्रकरणात (२.२९) आहे. ग्रंथाच्या काळाबद्दल एकमत नाही. ग्रंथाचे संपादक रा. प. कंगले यांनी मौर्यकाळाची परंपरा ग्राह्य मानली. अमेरिकी इतिहासकार ट्राउटमन यांच्या १९७१ मधील संख्याशास्त्रीय अभ्यासानंतर तो एकाहून अधिक हातांचा आणि पुढे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत आकार घेतलेला असावा, या मताकडे कल वाढला. प्रकरणातील तपशील मात्र कळपांशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या माणसाचा वाटतो. महिना-दोन महिन्यांच्या वासरांवर डाग द्यावा. बाहेरचे जनावर कळपात महिना-दोन महिने राहिले, तर त्यालाही डाग द्यावा. आणि अंक (डाग), चिन्ह (नैसर्गिक खूण), वर्ण व दोन शिंगांमधील अंतर यांची नोंद करावी, असे तो सांगतो.

त्याहून महत्त्वाचा आहे मृत्यूचा नियम. गाय किंवा म्हैस मेली, तर गुराख्याने डाग असलेले कातडे आणून द्यावे. शेळी-मेंढीच्या बाबतीत खूण असलेला कान. घोडा, गाढव व उंट यांच्या बाबतीत शेपूट आणि डागाचे कातडे. म्हणजे वहीतील नोंद बंद होण्यासाठी खूण परत यावी लागे, आणि तीच खूण दुसऱ्या जनावरावर दाखवून गुरे लाटण्याची वाट बंद होई. राजाच्या डागाचा वापर करून दुसऱ्याची जनावरे बदलणाऱ्यास पूर्वसाहसदंड (तीन ठरीव दंडांपैकी सर्वांत खालचा) सांगितला आहे. आधुनिक पद्धतींची पारख करताना नोंद उघडणे आणि नोंद बंद करणे हा भेद उपयोगी पडतो. नोंद उघडायला सगळेच उत्सुक असतात.

आधुनिक मागोवा : अन्नसाखळीचा मागोवा ही कल्पना कायद्यात आली ती मुख्यतः ब्रिटनमधील गाईंच्या ‘मॅड काऊ’ रोगामुळे. हा रोग मांस-हाडांच्या भुकटीच्या खाद्यातून पसरला. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी चार-पाच वर्षे जातात. म्हणून आजारी गाय आज कुठे आहे हे कळून भागत नाही, ती जन्मल्यापासून कुठे वाढली हे कळावे लागते. माणसातील नव्या प्रकारच्या मेंदुविकाराशी या रोगाचा संबंध असण्याची शक्यता २० मार्च १९९६ रोजी ब्रिटिश संसदेत मान्य करण्यात आली. तीस महिन्यांवरील जनावरांचे मांस अन्नातून वगळायचे ठरले, तेव्हा वयाचा पुरावा कुठून आणायचा हा प्रश्न आला. जुलै १९९६ पासून प्रत्येक गुराला पासपोर्ट आला आणि १९९८ मध्ये इंग्लंडमधील वर्किंग्टन येथे हालचालींच्या नोंदीचे केंद्र सुरू झाले. जनावर मेले की सात दिवसांत कळवायचे व पासपोर्ट परत करायचा, हा तेथील नियम कौटिल्याच्या कातड्याचेच काम करतो.

युरोपीय संघाने दोन्ही कानांत बिल्ले सक्तीचे केले. २००२ चा सर्वसाधारण अन्नकायदा १ जानेवारी २००५ पासून प्रत्येक व्यावसायिकाला ‘माल कोणाकडून घेतला व कोणाला दिला’ एवढे सांगण्यास बांधतो. २००१ मधील लाळ्या-खुरकूत साथीत ब्रिटनमध्ये साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. रोग लक्षात येण्यापूर्वीच मेंढ्या बाजारांमधून देशभर गेल्या होत्या आणि त्यांची ओळख कळपापुरतीच होती. मेंढ्यांच्या वैयक्तिक ओळखीचा नियम त्यानंतरचा. जपानने २००३ मध्ये दहा अंकी क्रमांकाचा कायदा केला. ऑस्ट्रेलियात २००५ पासून गुरांना रेडिओ-बिल्ला आवश्यक झाला.

साधने : तापवलेल्या लोखंडाचा डाग आणि कानाचा काप ही जुनी साधने. गोठवून डागण्याची रीत १९६६ च्या सुमारास अमेरिकेत फॅरेल यांनी रूढ केली. तीत कातडे जळत नाही, केस पांढरे उगवतात. नाकपुडीचा ठसा प्रत्येक गुरात वेगळा असतो, हे पीटरसन यांनी १९२२ मध्ये मांडले. इलेक्ट्रॉनिक बिल्ल्यांसाठी १९९६ चे आंतरराष्ट्रीय मानक १३४.२ किलोहर्ट्झ ही वारंवारता व पंधरा अंकी संकेत ठरवते. भारताचा देशसंकेत ३५६ आहे.

भारतातील स्थिती : २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ५३.५८ कोटी पशुधन आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या ‘इनाफ’ प्रणालीत बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आला. सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलोसिस (गर्भपात घडवणारा जिवाणुजन्य रोग) यांच्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर तो गावोगाव पोचला. आता नोंदी ‘भारत पशुधन’ प्रणालीत होतात व क्रमांकाला ‘पशु आधार’ म्हणतात. बिल्ला दोन तुकड्यांचा असतो. टोकदार खुंटीचा भाग कानाच्या मागून आणि खोबणीचा भाग पुढून असा चिमट्यात बसवून, कानाच्या शिरा टाळून, मध्यावर दाबतात. जागा चुकली तर रक्त येते, पावसाळ्यात जखमेत किडे पडतात. काठाजवळ मारलेला बिल्ला गव्हाणीत किंवा काटेरी कुंपणात अडकून कान फाडून निघतो. निघालेल्या बिल्ल्याच्या जागी नवा मारून जुना क्रमांक प्रणालीत बदलता येतो, पण हे काम वेळेवर झाले नाही तर एकाच गाईच्या दोन नोंदी होतात.

महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर व वाहतुकीवर निर्बंध आले. त्याआधी, जानेवारी २०२४ मध्ये, गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर झाले तेव्हा बिल्ल्याचा क्रमांक शेतकऱ्याच्या आधार व बँक खात्याशी जोडण्याची अट होती. बिल्ले मारून घेण्यास गोठेवाले तयार झाले ते रोगनियंत्रणापेक्षा या अनुदानामुळे आणि ‘बिल्ला नाही तर दावा नाही’ या विमा कंपन्यांच्या शिरस्त्यामुळे, असे दिसते.

आठवडी बाजारात ही साखळी सैल पडते. बेल्हे, सांगोला, घोडेगाव अशा बाजारांत रुमालाखाली बोटांनी सौदा होतो आणि बाजार समितीच्या पावतीवर जात, रंग (कोसा, बांडा, मोरा), शिंगे व दात (दोन दाती, चार दाती, जुळलेला) असे वर्णन येते. अर्थशास्त्रातील यादीशी याचे साम्य लपत नाही. बिल्ल्याचा क्रमांक पावतीवर लिहिला, तरी प्रणालीत मालक बदलणे हे निराळे काम राहते. सप्टेंबर २०२२ मध्ये लंपी या त्वचारोगाच्या साथीत राज्यभरातील गुरांचे बाजार बंद करावे लागले. कोणते जनावर कोणत्या बाजारातून कुठे गेले हे खात्रीने सांगता येत नसेल, तर सरसकट बंदीवाचून पर्याय उरत नाही.

दूध व मांस : जनावराची ओळख पटली म्हणजे अन्नाचा मागोवा लागला, असे भारतीय दुधाबाबत म्हणता येत नाही. गोठ्यातल्या दोन-चार गाईंचे दूध किटलीतच एकत्र होते. संकलन केंद्रावर फॅट व एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) तपासून ते सभासदाच्या खात्यावर चढते, मग बल्क कूलरमध्ये गावचे आणि टँकरमध्ये अनेक गावांचे मिसळते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये (५.७ टक्के) अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा जास्त आढळले, ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष मर्यादेबाहेर होते. अफ्लाटॉक्सिन बुरशी लागलेल्या पेंडीतून वा चाऱ्यातून येते, म्हणजे दोष गोठ्यातला. पिशवीवरच्या बॅच क्रमांकावरून मात्र प्रक्रिया केंद्र व दिवसच सापडतो. केंद्रावर प्रत्येक सभासदाचा नमुना काही काळ राखून ठेवणे हा यावरचा स्वस्त उपाय, पण तो सर्वत्र पाळला जात नाही.

म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत परदेशी खरेदीदारांच्या अटींमुळे नोंदी अधिक काटेकोर आहेत. कत्तलीपूर्वी व नंतर पशुवैद्यकाची तपासणी होते आणि खोक्यावर कारखाना, दिनांक व बॅच असते. त्या बॅचमधील म्हैस कोणत्या गोठ्यातली, हा शोध मात्र सहसा ती जिथून विकत घेतली त्या बाजारापर्यंत येऊन थांबतो. शेळ्या-मेंढ्यांचे बहुतांश मांस गावच्या खाटकाकडेच विकले जाते आणि तिथे बॅचचाही प्रश्न येत नाही.