ईमेल वार्तापत्रातून उत्पन्न (कोकण)

ईमेल वार्तापत्र व्यवसाय : एका ठरावीक विषयावर, ठरलेल्या दिवशी, स्वतःहून नाव नोंदवलेल्या वाचकांना ईमेलने पत्र पाठवायचे आणि त्यावर वर्गणी, जाहिरात, मालविक्री किंवा दलालीतून उत्पन्न मिळवायचे, असा घरबसल्या चालणारा लहान व्यवसाय. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत त्याला चांगला वाव आहे. इथले बरेच व्यवहार हंगामाला, तिथीला आणि भरती-ओहोटीला बांधलेले असतात आणि त्यांत रस असलेला मोठा वर्ग मुंबई, ठाणे, पुण्यात राहतो. गावातल्या माणसाला जे सहज कळते ते चाकरमान्याला वेळेत कळत नाही. ते वेळेत पोचवणे हाच धंद्याचा गाभा.

विषयाची निवड

‘कोकण’ हा विषय होऊ शकत नाही, तो फार पसरट आहे. समुद्रकिनाऱ्यांची वर्णने आणि मोदकाच्या पाककृती फुकट मिळतात, त्यासाठी कोणी पैसे मोजत नाही. पत्र वाचून वाचकाला पुढच्या आठ-पंधरा दिवसांत काहीतरी करायचे असेल, म्हणजे तिकीट काढायचे, फवारणी करायची किंवा टाळायची, खोली धरायची, पेटी मागवायची, तर विषय चालतो. ही कसोटी लावली की बहुतेक कल्पना पहिल्याच दिवशी गळतात, आणि ते बरेच आहे.

मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख दिनदर्शिकेत सापडत नाही. देवीचा कौल घेऊन ती दरवर्षी ठरते. ती जाहीर झाली की मुंबईहून येणाऱ्यांची रेल्वे, एसटी आणि मुक्कामासाठी धावपळ सुरू होते. अशी तारीख त्याच संध्याकाळी, आरक्षणाच्या तपशिलासह पोचवणारे पत्र वाचक वर्षभर टिकवून ठेवतात. दशावताराचे प्रयोग, पालखीचे दिवस, गावजत्रा यांची तालुकावार यादीही याच जातीची.

गणपतीचे आरक्षण हा दुसरा विषय. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी, प्रवासाचा दिवस न धरता, खुले होते. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे १२ सप्टेंबरच्या गाडीचे आरक्षण १४ जुलैला सकाळी ८ वाजता उघडते. हे पत्र १२ जुलैला जायला हवे आणि स्मरणपत्र १३ च्या रात्री. १४ ला दुपारी गेलेले पत्र कितीही सुबक असले तरी वाचकाच्या उपयोगाचे नाही. अशा पत्राचे वर्षाचे वेळापत्रक जानेवारीतच मांडून ठेवतात.

निवास-न्याहारी चालवणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी भरती-ओहोटीचे साप्ताहिक पत्र हा कमी हाताळलेला विषय आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रोज वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पण छापून द्यायला हा हिशेब पुरत नाही. अष्टमीच्या सुमारास भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराचे, पाणी असते, ओहोटीलाही समुद्र फारसा मागे हटत नाही, आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जायला निघालेला पाहुणा ‘ओहोटी १२ वाजता’ एवढेच वाचून अडकू शकतो. पत्रात अधिकृत भरतीतक्त्यातली वेळ, पाण्याची उंची आणि परत फिरण्याची शेवटची वेळ अशा तीन गोष्टी द्याव्यात. चुकीच्या वेळेने माणूस पाण्यात सापडू शकतो, म्हणून हा रकाना दोघांनी तपासल्याशिवाय पाठवू नये.

एका अंकाची बांधणी

आंबा बागायतदारांचे पत्र घेऊ. जिल्हा पातळीवरचे कृषी हवामान सल्ले मंगळवारी आणि शुक्रवारी निघतात. म्हणून अंक बुधवारी सकाळी पाठवतात, मंगळवारचा सल्ला हाताशी असतो. विषय-ओळीत तालुका आणि कृती पहिल्या तीस-पस्तीस अक्षरांत यावी, कारण मोबाइलवर पुढचे कापले जाते. ‘देवगड : या आठवड्यात फवारणी थांबवा’ ही ओळ उघडली जाते. ‘आंबा वार्ता, अंक १७’ ही तशीच पडून राहते.

आत पहिल्या चार ओळींत निष्कर्ष. उदाहरणार्थ : शुक्रवारी-शनिवारी पावसाची शक्यता, तेव्हा ठरलेली फवारणी रविवारनंतर. मोहर पूर्ण फुललेला असेल तर कीटकनाशक टाळा, परागीकरण करणारे कीटक मरतात आणि फळधारणा घटते. मग कारण. मग तुडतुडे आणि फुलकिडे यांची तपासणी कशी करायची त्याची एक पद्धत. औषधांची मात्रा द्यायचीच असेल तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या वेळापत्रकातून, वर्ष लिहून, जशीच्या तशी. जुन्या वर्षाचे वेळापत्रक उचलणे ही या पत्रातली सगळ्यात महागडी चूक आहे, कारण एखादे औषध मधल्या काळात शिफारशीतून गेलेले असू शकते. शेवटी दर. वाशीच्या बाजारातला दर देताना पेटी किती डझनांची आणि फळ कोणत्या वजनाचे हे लिहिले नाही तर आकड्याला अर्थ राहत नाही.

लांबी ४०० ते ६०० शब्द पुरते. देवनागरीचे एकेक अक्षरचिन्ह संगणकात तीन बाइट घेते आणि जीमेल साधारण १०२ किलोबाइटच्या पुढचा मजकूर झाकून टाकते. त्यामुळे सजावटीचा साचा वापरून लांबलचक मराठी पत्र लिहिले की तळाची जाहिरात आणि नोंदणी रद्द करण्याचा दुवा दोन्ही दिसेनासे होतात. साधा साचा आणि एकच हलके छायाचित्र बरे. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून अंक आदल्या दिवशीच वेळ लावून ठेवावा.

यादी आणि पाठवणी

‘सगळे व्हॉट्सॲपवर आहेत, मग ईमेल कशाला’ ही शंका रास्त आहे. पण व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात आणि ज्याने तुमचा क्रमांक साठवलेला नाही त्याला निरोप पोचत नाही. शिवाय तीन महिन्यांपूर्वीचा निरोप तिथे शोधणे अवघड. तातडीची आठवण व्हॉट्सॲपवर आणि नोंद ईमेलवर, अशी वाटणी चांगली चालते.

नावे गोळा करण्याच्या जागा : आंब्याच्या पेटीवरच्या लेबलावर क्यूआर कोड, निवासाच्या खोलीतला फलक, रोपवाटिकेची पावती, मुंबईतल्या ग्राममंडळाची सभा. पाहुण्यांच्या नोंदवहीतले पत्ते परस्पर उचलून यादीत टाकू नयेत. ते डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ च्या संमतीच्या तत्त्वाला सोडून आहे आणि धंद्यालाही मारक आहे. न मागितलेले पत्र आले की माणूस ‘स्पॅम’चे बटण दाबतो, आणि अशी पुरेशी बटणे दाबली गेली की ज्यांनी पत्र मागितले होते त्यांनाही ते पोचेनासे होते. नोंदणीनंतर खात्रीचे एक ईमेल पाठवून त्यावर टिचकी मारायला लावावी. वहीत हाताने लिहिलेल्या पत्त्यांत चुका फार असतात, त्या इथेच गळतात.

साध्या जीमेल खात्यातून दिवसाला सुमारे ५०० पत्त्यांपुरतेच पाठवता येते आणि सगळ्यांना गुप्त प्रतीत (बीसीसी) टाकून पाठवणे हा मार्ग लवकर बंद पडतो. सुरुवातीपासून स्वतःचे डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणारे स्वतःचे नाव, घ्यावे. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. यादीला एकदम ईमेल पाठवून देणाऱ्या पाठवणी सेवेत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, पत्र खरोखर तुमच्याच डोमेनवरून आले हे पटवणाऱ्या, तीन नोंदी करून घ्याव्यात. २०२४ मध्ये जीमेलने दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना आणि याहूने मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी आणि एका टिचकीत नोंदणी रद्द होण्याची सोय बंधनकारक केली. तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहावे लागते. लहान यादीलाही हीच शिस्त लावून ठेवलेली बरी. किती जणांनी पत्र उघडले या आकड्यावर फार विसंबू नये. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये पत्र न वाचताही उघडल्याची नोंद होऊ शकते. उत्तरे किती आली आणि दुव्यावर किती जण गेले, हे मोजावे.

उत्पन्नाचे मार्ग

वर्गणीने सुरुवात करण्याचा मोह होतो, पण आकडे आधी मांडून पाहावेत. ८०० वाचकांपैकी ५ टक्के, म्हणजे ४० जणांनी वर्षाला ६०० रुपये दिले तर २४,००० रुपये होतात. पेमेंट गेटवेचे २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वजा जाता हाती सुमारे २३,४३४ येतात. दर आठवड्याला दीड दिवस घालवून एवढेच. म्हणून पहिल्या वर्षी वर्गणी हा पूरक मार्ग समजावा. वर्गणी वार्षिकच ठेवावी. आपोआप कापल्या जाणाऱ्या मासिक वर्गणीला रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ग्राहकाची आधी परवानगी आणि दर वेळी पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास सूचना लागते, आणि बरेच व्यवहार तिथे अडतात. वर्षातून एकदा यूपीआयने दिलेले पैसे दोघांनाही सोपे.

स्थानिक जाहिरात लवकर सुरू होते. रोपवाटिका, निवास, होडीवाले, वाहतूकदार यांना हजार वाचकांमागे दर वगैरे भाषा समजावत बसू नये. अंकामागे ठोक रक्कम सांगावी आणि एका अंकात एकच जाहिरातदार घ्यावा. मजकुराच्या वर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक असावा, कमिशन मिळत असेल तर तेही सांगावे. फवारणीचा सल्ला देणाऱ्या पत्राने कीटकनाशक विकणाऱ्याची जाहिरात घेऊ नये. पैसे मिळतात, पण पुढच्या वेळी ‘फवारणी करा’ लिहिले की वाचक कारण शोधू लागतो. त्याच जागी खोके, जाळी, छाटणीची अवजारे यांची जाहिरात चालते.

किनारपट्टीवर सगळ्यात जास्त मिळकत स्वतःच्या किंवा शेजाऱ्यांच्या मालाच्या थेट विक्रीतून होते. हापूस, वेंगुर्ल्याचा काजू, कोकम आगळ, कुळीथ पीठ, फणसपोळी. पत्र वर्षभर बाग दाखवत राहते, त्यामुळे एप्रिलमध्ये मागणी मागावी लागत नाही. पण इथेच घोटाळेही होतात. मोहर पाहून जानेवारीत पूर्ण पैसे घेतले आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पावसाने किंवा उन्हाने फळ गळले, तर परताव्याचे ओझे अंगावर येते. त्यामुळे फळ धरल्यावर, सुपारीएवढे झाल्यावरच नोंदणी उघडावी, एकूण अपेक्षित पेट्यांच्या ६० टक्क्यांहून जास्त आगाऊ नोंदवू नयेत, आणि बयाणा घ्यावा, पूर्ण रक्कम नव्हे.

नोंदणीच्या पत्रात आंबा कोणत्या अवस्थेत निघेल ते सांगणे आवश्यक आहे. चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झालेला आंबा झेल्याने (जाळी बांधलेल्या लांब काठीने) देठासह काढला, तर पेंढ्यात साधारण ८ ते १२ दिवसांत पिकतो. घाईने कोवळा काढलेला सुरकुततो आणि गोडी धरत नाही. सकाळी ऊन चढण्याआधी किंवा चार वाजल्यानंतर काढणी करतात आणि फळ तापलेल्या जमिनीवर ठेवत नाहीत, त्याने साका, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष, याचे प्रमाण कमी राहते. तरीही साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. म्हणून ‘साका निघाल्यास कापलेल्या फळाचे छायाचित्र दोन दिवसांत पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत’ असा नियम आधीच लिहून ठेवावा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण ते चिन्ह लावण्याचा अधिकार नोंदणीकृत वापरकर्त्यालाच असतो. प्रक्रिया केलेला खाद्यमाल विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. वर्गणी, जाहिरात आणि मालविक्री मिळून वार्षिक एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. विक्री आणि सेवा यांचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत.

बंद पडण्याची कारणे

बहुतेक पत्रे जूनमध्ये थांबतात. आंबा संपतो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पर्यटक ओसरतात आणि लिहायला काही नाही असे वाटते. ऑक्टोबरात पुन्हा पाठवले की निम्म्या वाचकांना आपण नाव नोंदवले होते हेच आठवत नाही आणि तक्रारी वाढतात. पावसाळ्यात महिन्याला एक तरी अंक जावा : कल्टार (आंब्याला मोहर यावा म्हणून मुळाशी घालायचे औषध) कधी घालावे आणि कोणत्या झाडांना घालू नये, कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक, काजूच्या कलमांची उपलब्धता, भातलावणीला गावी येणाऱ्यांसाठी घाटरस्त्यांची स्थिती. यादीची साफसफाईही याच दिवसांत करतात. सहा महिने एकाही दुव्यावर न गेलेल्यांना ‘पत्र चालू ठेवायचे का’ असे एकदा विचारावे, उत्तर न आल्यास पंधरा दिवसांनी नाव कमी करावे. हंगामी ग्राहक मात्र वेगळ्या यादीत ठेवावेत. वर्षातून एकदाच, एप्रिलमध्ये, पेटी मागवणारा माणूस डिसेंबरात गप्प असतो म्हणून त्याचे नाव काढू नये.